साडी नेसलेला नवरा आणि तांडेल झालेली बायको

प्रश्न : ताई, आम्ही गुहागर तालुक्यातल्या एका बंदरावरच्या बायका. माघी गणपतीत महिला मंडळाचं विनोदी नाटक बसवतोय. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, आणि खलाशी रुसून घरी बसतात, मग बायका होडी घेऊन समुद्रात जातात आणि नवरे बाजारात मासळी विकतात, अशी गोष्ट. नाटकात पुरुषांची कामंही आम्हीच करतो. नवरा साडी नेसून पाटी घेऊन येतो तेव्हा तालमीत सगळ्यांत जास्त हशा पिकतो. पण वाडीतली जुनी माणसं म्हणतात, बायकांनी मिशा लावणं आपल्यात नाही. काय करावं?

उत्तर : नाटक करायचंच, आणि मिशा लावूनच करायचं. आपल्याकडे नमनाच्या खेळातली गौळण, मावशी, दशावतारातली राणी, सगळी कामं पिढ्यानपिढ्या पुरुष करत आले. गावाने ती डोक्यावर घेतली. मग तुमच्याच मिशांनी कुणाचं काय बिघडतं? आणि तुमच्या तालुक्यातलं पालशेत आहे ना, तिथे हिराबाई पेडणेकर अखेरपर्यंत राहिल्या. मूळच्या सावंतवाडीच्या. बायकांची कामंही पुरुष करत त्या काळात या बाईने 'संगीत दामिनी' हे नाटक लिहिलं, 1912 साली ते छापून आलं. वाडीतल्या जाणत्यांना हे जरूर सांगा.

माझी हरकत आहे ती साडीला. नवरा साडी का नेसतो, याला तुमच्या गोष्टीत कारण दिसत नाही. ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसने इसवी सनापूर्वी 391च्या सुमारास असंच एक प्रहसन लिहिलं. त्यात बायका नवऱ्यांचे कपडे आणि खोट्या दाढ्या चढवून नागरिकांच्या सभेत शिरतात आणि नगराचा कारभार हाती घेतात. एक नवरा बायकोच्या कपड्यांत बाहेर येतो, कारण त्याचे कपडे घालून ती पहाटेच निघून गेलेली असते! तिथे साडीसारखी गोष्टही कथेच्या पोटातून येते. तुमच्याकडे नुसता पदर बघून लोक हसतील, म्हणजे हसतील ते बाईच्या पदरालाच.

त्याला हाफ पँट आणि बनियनमध्येच बाजारात बसवा. वाटे लावायला सांगा. मोठा बांगडा वर, बारीक खाली, हे तुमचा हात न बघता करतो. तो नेमका उलटं करणार. गिऱ्हाईक कल्ला उचलून रंग बघेल तेव्हा हा गांगरून स्वतःच भाव उतरवणार, वर दोन बांगडे फुकट घालणार. शेजारची कोळीण काही न बोलता त्याच्याकडे बघत राहील. एवढा प्रवेश पाच मिनिटं चालू द्या, घाई नको. तुम्ही रोज उन्हात बसून जे करता त्याला कसब लागतं, हे गावाला पहिल्यांदा दिसेल, आणि पोट धरून हसताना दिसेल. मला या नाटकात सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

होडीवर मात्र एकही बाई घसरून पडता कामा नये. तांडेल झालेली बाई वारा बघते, जाळं टाकायला सांगते, अगदी गंभीरपणे. खलाशी झालेल्या बायका तिचं ऐकतात. विनोद किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या नवऱ्यांचा होऊ द्या. शिव्या आणि दारूच्या बाटल्या असतील तर काढून टाका, त्या मिशांबरोबर आपोआप येतात.

हशा आला की पुढचं वाक्य लगेच घेऊ नका. तो ओसरायला लागला की बोला, नाहीतर मागच्या रांगेला काहीच ऐकू जाणार नाही. बाजाराचा प्रवेश नव्याने लिहिलात की मला पाठवा, मी वाचून लगेच कळवते.