समुद्रकाठची जुनी लोकगीतं रेकॉर्ड करायची आहेत, सुरुवात कशी करू?
पहिली डोकेदुखी वारा, फोनच्या माइकमध्ये नुसती फरफर येते, म्हणून माइकला केसाळ कव्हर घाला नाहीतर सरळ घरात बसून रेकॉर्ड करा. फाइल एमपीथ्री नको (त्यात आवाज दाबून साठवतात), वेव्ह ठेवा, ज्यात आवाज न दाबता पूर्ण राहतो, सेटिंग ४८ किलोहर्ट्झ २४ बिट. पण जाळं ओढतानाचं गाणं खुर्चीत बसवून म्हणायला लावलं की ताल बिघडतोच, तो हातांच्या हालचालीत असतो ना, निदान एखादी दोरी तरी ओढायला द्या (खरंच फरक पडतो). गाणाऱ्यांची परवानगी आधी घ्या आणि कॉपी त्यांना परत द्या बरं का, १८९० साली जेसी वॉल्टर फ्यूक्स या मानववंशशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वॉडी या मूळनिवासी लोकांची गाणी मेणाच्या सिलिंडरवर (तेव्हाच्या रेकॉर्डवर) घेतली, ती त्यांच्याकडे परत पोचायला जवळपास शंभर वर्षं गेली.