निघण्याआधी चर्चमध्ये सेवा करताय ना, मग हे बघून घ्या

ताई, तुम्ही दोघं घर विकून फुलटाइम आरव्हीत, म्हणजे घरासारख्या राहायच्या गाडीत, राहणार आणि मोठ्या ट्रिपच्या आधी चर्चच्या आवारात गाडी लावून चर्चचं रंगकाम सेवा म्हणून करणार, वाचून खूप बरं वाटलं. आम्हीपण टेक्सासमध्ये असंच केलेलं, याच्यासारखी रंगीत तालीम नाही, काय बिघडतंय ते माणसांच्यात असतानाच कळतं.

फक्त वीज कुठून मिळणार ते आधी विचारा. अमेरिकेतलं भिंतीवरचं साधं सॉकेट १५ अँपचं म्हणजे जेमतेम १८०० वॅट, त्यावर एसी नि मायक्रोवेव्ह एकदम लावलं की ब्रेकर पडलाच, आमचा भर रविवारी प्रार्थना चालू असताना पडला आणि आतला माइक बंद, मला अजून वाईट वाटतं. ब्लॅक टँकचा, म्हणजे गाडीतल्या संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह बंदच ठेवा, टँक बऱ्यापैकी भरला की मगच सोडा, नाहीतर पाणी निघून जातं आणि घट्ट सगळं तळाला बसतं.

आणि टायर! नक्षी बघून फसू नका, टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या अक्षरांपुढे जो कोड असतो त्याचे शेवटचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, एवढे जुने असतील तर मी तरी लांब जाणार नाही.

ही सेवा आवडली तर युनायटेड मेथॉडिस्ट या चर्चपंथाचा नोमॅड्स नावाचा सेवा करणाऱ्यांचा गट आहे, बहुतेक आरव्हीवालेच, त्यांच्याशी नक्की बोला. कामाचे तास मात्र पहिल्याच दिवशी ठरवा, नाहीतर गाडीची तयारी राहून जाते.