अण्णांच्या छातीतली बुरशी आणि दुर्बिणीची भीती

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे, शेती करतात, जुनी शुगर आहे. सोयाबीनची रास झाल्यापासून ताप-खोकला आहे, बेडक्यात रक्त पडतं. शुगर ४३० निघाली. थुंकीत टीबी सापडला नाही, तरी फोटो पाहून गोळ्या सुरू केल्या. तीन आठवड्यांत फरक नाही. आता सीटी स्कॅन पाहून डॉक्टर म्हणतात, बुरशी असेल, दुर्बिणीने तुकडा काढू. भावकी म्हणते, तुकडा काढला की आजार पसरतो. अण्णांचं ताट-तांब्याही वेगळं केलंय. काय करू?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : ताई, दुर्बीण करा, आणि उद्याच करा. तुकड्याने बुरशी पसरत नाही. थांबलात तर पसरते. ती रक्तवाहिनीत शिरते, तिथे गुठळी होते आणि पुढचं फुप्फुस मरतं. मेलेल्या भागात औषधही पोचत नाही, म्हणून कधी तो भाग ऑपरेशनने काढावा लागतो. २०२१ साली नाका-डोळ्यांची काळी बुरशी आपण पाहिली, तीच फुप्फुसातही होते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. माझ्या एका पेशंटचा सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवायच्या द्रवात गेला. त्यात बुरशी मरते, त्यामुळे कल्चर, म्हणजे बुरशी वाढवून ओळखायची तपासणी, झालंच नाही. तेव्हापासून मी नातेवाइकांनाच सांगून ठेवतो : थोडा तुकडा सलाइनमध्ये द्या, आणि केओएच तपासणी (तुकड्यात थेट बुरशी शोधायची) मागा. ती त्याच दिवशी होते. सूक्ष्मदर्शकाखाली ज्वारीच्या धांड्यासारखी पेरं असलेले बारीक धागे दिसले, तर बहुधा दुसरी एक बुरशी, अ‍ॅस्परजिलस; रुंद, फितीसारखे, जवळजवळ बिनपेरांचे दिसले, तर म्यूकर, म्हणजे ती काळी बुरशी. हा फरक फार मोलाचा. अ‍ॅस्परजिलसला व्होरिकोनाझोल हे औषध चालतं, म्यूकरवर ते काहीच करत नाही. तिथे लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या. किडनी आणि पोटॅशियम वरचेवर तपासावं लागतं. पुढे काही महिने बुरशीच्या गोळ्या असतात.

टीबीच्या गोळ्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना त्या आठवणीने दाखवा. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे व्होरिकोनाझोल रक्तात टिकत नाही.

इन्सुलिनला अण्णा नाही म्हणत असतील, तर समजवा. शुगर इतकी चढलेली असताना पांढऱ्या पेशी बुरशीशी लढू शकत नाहीत. लघवीतले किटोनही (शुगर फार बिघडली की वाढणारी आम्लं) आजच तपासा. कपभर रक्त पडलं, तर रात्र असो, दवाखाना गाठा.

आणि ताट-तांब्या परत घरात घ्या. ही बुरशी माणसाकडून माणसाला लागत नाही, टीबीही ताटातून लागत नाही. टीबी नाही हे पक्कं होईस्तोवर खोकताना तोंडाला रुमाल तेवढा असू द्या.