महागडा खेळाडू चालला नाही, तर हॉकी संघाच्या कराराच्या निर्णयावर प्रेक्षकांनी बोलावं का?

बोलावंच. फक्त बोली लावणाऱ्याला बोलावं, खेळाडूला नाही.

हॉकी इंडिया लीगमध्ये ज्यांच्यावर पाऊण कोटीच्या आसपास बोली गेली त्यांनी तेवढे गोल केले नाहीत, तर पैसा पाण्यात गेला म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शाळेतल्या पोट्ट्यांना हॉकी शिकवतो. आमच्या मैदानावरही हा वाद नेहमीचाच आहे.

ऑक्टोबर 2024 च्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाकडे 4 कोटी होते आणि त्यात 24 खेळाडू बसवायचे होते. सूरमा क्लबने हरमनप्रीत सिंगला 78 लाखांत घेतलं. जवळजवळ पाचवा हिस्सा एकाच खेळाडूवर गेला, बाकी 23 जणांच्या वाट्याला सरासरी 14 लाख. असा खेळाडू घेणं चूक नाही. पण उरलेल्या पैशात त्याच्याभोवती कोण उभं केलं, हे विचारायलाच पाहिजे.

कारण हरमनप्रीतसारखा ड्रॅगफ्लिकर, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढून गोलात भिरकावणारा, एकटा गोल करत नाही. आधी फॉरवर्डने डीत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, घुसून पेनल्टी कॉर्नर मिळवून द्यावा लागतो; बचाव करणाऱ्यांनी तिथे चूक केली की ही संधी मिळते. मग एक जण गोलपोस्टच्या बाजूला मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू ढकलतो, दुसरा डीच्या टोकाशी तो थांबवतो, आणि तेव्हा कुठे फ्लिक बसते. आमच्या मुरमाच्या मैदानावर हे डोळ्यांनी दिसतं. थांबवणाऱ्याने स्टिक नीट आडवी टेकवली नाही, तर चेंडू खड्यावर उडून त्याच्या गुडघ्यापाशी येतो आणि मागचा पोरगा नुसता वाकलेला राहतो. टर्फवर चेंडू असा उडत नाही, पण थांबवणाऱ्याचं काम तेवढंच मोलाचं. ज्या संघाला कॉर्नरच मिळत नाहीत, तिथे जगातला सर्वांत भारी फ्लिकरही रिकाम्या हाताने परत येणार. आमच्याकडच्या कबड्डी सामन्यांतही हेच चालतं: बाहेरून पैसे देऊन रेडर आणायचा, डिफेन्स कच्चा ठेवायचा, आणि हरलो की शिव्या रेडरला.

उलट बंगाल टायगर्स पाहा. त्यांनी ड्रॅगफ्लिकर जुगराज सिंगला 48 लाखांत घेतलं आणि 1 फेब्रुवारी 2025 ला राउरकेलाच्या अंतिम सामन्यात त्याने हॅटट्रिक केली. हैदराबाद तूफान्सवर 4-3 असा विजय मिळाला. त्याच संघाने अभिषेकसारख्या फॉरवर्डवर 72 लाख घातले होते, हे विसरू नका.

नियमही किंमत बदलतात. 2016 आणि 2017 मध्ये याच लीगमध्ये एक मैदानी गोल, म्हणजे कॉर्नरवर नाही तर चालू खेळात केलेला, दोन गोलांइतका धरत. तेव्हा फ्लिकरपेक्षा डीत घुसणाऱ्या फॉरवर्डची किंमत आपोआप वाढली. तो हिशेब ज्या संघचालकांनी केला नाही, त्यांना जाब विचारायला हवा होता.

म्हणून पुढच्या वेळी संघावर टीका करताना गोल मोजण्याआधी मिळालेले कॉर्नर मोजा. आणि माझ्या जिव्हाळ्याची एक गोष्ट जरूर विचारा. 2024 च्या लिलावात प्रत्येक संघाला चार ज्युनिअर घेणं सक्तीचं होतं. त्यांना मैदानावर मिनिटं किती मिळाली? महागडा खेळाडू थकलेला दिसतोय आणि एकोणीस वर्षांचा पोरगा बाकावर बसलाय, हे पाहून मला खरंच राग येतो. आमच्यासारख्या गावांतून कोणी तिथवर पोहोचलाच, तर तो त्या चारांतलाच एक असेल.