डिक्कीत काय ठेवू, आणि रक्त थांबतच नसेल तर?

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी मानेवाड्याहून बुटीबोरीला रोज गाडीनं जातो. मागच्या महिन्यात वर्धा रोडवर एका पोराच्या मांडीत पत्रा घुसून निघाला, रक्त नुसतं वाहून राहिलं होतं, एकानं बुटाची लेस बांधली, दुसरा हळद शोधायला पळाला आणि मी रुमाल दाबून दर थोड्या वेळानं उचलून पाहत होतो की थांबलं का. पोरगा वाचला, पण माझी झोप उडाली. डिक्कीत बँडेज पट्ट्या आणि जंतुनाशकाची बाटली आहे, अजून काय ठेवू? - एक वाचक, नागपूर

उत्तर: भाऊ, तुम्ही त्याच्याजवळ बसलात, फार मोठं काम केलं. फक्त तो रुमाल उचलून पाहायचा नव्हता. उचलला की धरत आलेली गुठळी निघते आणि परत पहिल्यापासून सुरू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं, मांडीतली मोठी धमनी कापली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो, म्हणून 108 ला फोन दुसऱ्याला लावायला सांगा आणि तुम्ही दोन्ही हातांनी, कोपर सरळ ठेवून, अंगाचा भार टाकून दाबा. हातापायाची जखम खोल असेल तर गॉज बोटानं आतपर्यंत कोंबत जायचं, जखम भरली की वरून दाबायचं. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. तो ओरडेल, तरी सोडू नका. पोटात किंवा छातीत मात्र काही कोंबू नका, आणि काही रुतून बसलं असेल तर ते उपसू नका, बाजूनं दाबा.

लेसचं सांगते. बारीक दोरीनं कातडी कापते, आतली धमनी मात्र वाहतच राहते. दाबूनही थांबत नसेल तर टूर्निके लावायचा, म्हणजे दीड इंच तरी रुंद पट्टा आणि पिळायला दांडी. जखमेच्या दोन-तीन इंच वर, गुडघा-कोपरावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचा. खूप दुखतं, तसंच दुखतं. लावल्याची वेळ मार्करनं लिहा आणि मधे सैल करू नका, ते काम डॉक्टरचं. ऑनलाइन अगदी स्वस्तातला घेऊ नका, पिळताना दांडी तुटू शकते.

हळद, कॉफी, टूथपेस्ट काही नको, सगळं आम्हाला नंतर धुवून काढावं लागतं. मी कॅज्युअल्टीत सिस्टर होते, संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजानं गळा चिरलेले लोक यायचे, त्यातल्या एकाच्या मानेला घरच्यांनी ओढणी करकचून गुंडाळली होती, श्वासच कोंडून राहिला होता! मानेला कधीच आवळायचं नाही, जखमेवरच हातानं दाबून धरायचं.

तर डिक्कीत गॉजचे दोन-तीन मोठे रोल, 6 इंची क्रेप बँडेज, ग्लोव्हज, टूर्निके, मार्कर, कपडे कापायला कात्री. कापूस नको, तो जखमेत चिकटतो. आपल्याकडे मे महिन्यात डिक्की भट्टीसारखी तापते, ग्लोव्हज चिकट होतात, म्हणून पावसाळा लागला की एकदा उघडून बदला.

आणि पोलिसांच्या भीतीनं मागं सरू नका. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, कलम 134अ, चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर केस होत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. टूर्निके आला की घरी स्वतःच्या मांडीवर एका हातानं बांधून पाहा, दोन-चारदा, पिळून लगेच सोडा.