जुने पिकअप की जुन्या घडणीचे?

प्रश्न असा: गिटारच्या दुकानासाठी मराठी माहितीपत्रक करतोय. 'व्हिंटेज-स्टाइल रिप्लेसमेंट पिकअप'ला (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून तिचा विजेचा संकेत करणारा गिटारचा भाग) 'प्राचीन शैलीचे पर्यायी पिकअप' म्हटलं तर चालेल का?

नको. 'प्राचीन' म्हटलं की हेमाडपंती देऊळ उभं राहतं, आणि विजेची गिटार मुळात 1930च्या दशकातली. नुसतं 'जुने पिकअप' तर त्याहून वाईट. गिऱ्हाईक 'वापरलेले आहेत का?' म्हणून फोन करेल.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, फक्त तो सराफकट्ट्यावर आहे. 'जुन्या घडणीची ठुशी दाखवा' म्हटलं की सराफ कुणाची मोड काढून दाखवत नाही, गेल्या आठवड्यात केलेली ठुशी पुढे ठेवतो. सोनं नवं, घडण जुनी. या पिकअपांचंही तेच, म्हणून 'जुन्या घडणीचे पिकअप' म्हणा.

आणि इथे घडण म्हणजे खरोखरच घडण. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून विजेची घरघर मारणारा 'हमबकर' पिकअप बनवला. पेटंटचा अर्ज 1955चा, पेटंट मिळालं 1959 साली. त्या सुमाराला पिकअपच्या बुडाला चिकटवलेल्या इवल्याशा काळ्या पट्टीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' एवढंच छापलेलं असे. त्याची आद्याक्षरं 'पीएएफ', आणि आज तेच एका आवाजाचं नाव झालंय! (पुढे पट्टीवर पेटंटचा क्रमांक आला, पण तो गिटारवादक लेस पॉल यांच्या तारा अडकवायच्या भागाच्या पेटंटचा.) त्या घडणीत अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचे) चुंबक आले, 42 गेजची केसाइतकी बारीक तार आली, दर वेटोळ्याला सुमारे 5000 वेढे आले. वेढे मोजूनमापून सारखे नसत, त्यामुळे एकाच खोक्यातले दोन पिकअप वेगळे बोलत. वेटोळी मेणात बुडवलेली नसत. अशा पिकअपच्या झाकणावर टिचकी मारली तर ती स्पीकरमधून ऐकू येते. आजचे काही कारागीर मुद्दाम मेण टाळतात ते याच घडणीसाठी. 'शैली' शब्दात हे काहीच मावत नाही, ती वरवरची वाटते.

'रिप्लेसमेंट'साठी 'पर्यायी'ही नको. पर्याय म्हणजे हा किंवा तो. इथे पहिला काढून त्याच खाचेत, त्याच स्क्रूंवर दुसरा बसवायचाय. बदलीचा शिक्षक येतो तोही त्याच वर्गावर. म्हणून 'बदलीचे'.

'पिकअप' मात्र तसाच ठेवा, आणि पुल्लिंगी. 'गाडीला पिकअप चांगला आहे' म्हणून म्हणून आपण त्याचं लिंग कधीच ठरवून टाकलंय.