वाचकांचे प्रश्न : नर्सचा पगार आणि संपाची नोटीस

प्रश्न : मुलगी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाली असून बेळगावात 30 खाटांच्या खासगी दवाखान्यात कामाला आहे. हातात 11,000 पडतात. ‘सुप्रीम कोर्टाने 20,000 ठरवलेत’ असं सगळे सांगतात. मग दवाखाना ते का देत नाही?
– एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : कोर्टाने आकडा ठरवलेला नाही. जानेवारी 2016 मध्ये कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. 50 पेक्षा कमी खाटा असतील तर किमान 20,000 आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, ही त्या समितीची शिफारस. केंद्राने ती राज्यांकडे पाठवली, पण राज्याने अधिसूचना काढल्याशिवाय शिफारशीवर वसुली होत नाही. केरळात नर्सनी मोठं आंदोलन केलं, तेव्हा 2018 मध्ये तशी अधिसूचना निघाली. 20,000 ची मागणी रास्तच आहे आणि ती लावून धरायला हवी. मात्र कामगार खात्यात जाताना हा आकडा घेऊन गेलात तर हात हलवत परत याल.

तिथे चालतं ते कर्नाटकाचं किमान वेतन. दवाखाने आणि नर्सिंग होमसाठी त्याचे दर वेगळे असतात आणि महागाई भत्ता दर 1 एप्रिलला बदलतो. चालू वर्षाचा तक्ता मागून घ्या. मग पगाराची स्लिप समोर ठेवा आणि हातात पडलेल्या रकमेऐवजी मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांची बेरीज तक्त्याशी ताडून पाहा. हुद्दा काय लिहिलाय तेही बघा. नोंदणीकृत नर्सला ‘ट्रेनी’ किंवा ‘अटेंडंट’ दाखवून खालचा दर लावला जातो. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. नेमणूकपत्रावर हुद्दा ‘स्टाफ नर्स’ असावा, सोबत नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांकही.

तासांचा हिशेब वेगळा करा. समजा 12 तासांच्या सहा नाईट असतील, म्हणजे आठवड्याला 72 तास. 48 च्या वरचे 24 तास जादा कामाचे, आणि त्यांचा दर दुप्पट. यासाठी ड्युटी चार्टचा फोटो दर आठवड्याला काढून ठेवा, कारण महिना संपला की भिंतीवरचा चार्ट बदलतो. बँकेचा उतारा जोडा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील आणि पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी विमा) लागू होतो, वीस किंवा जास्त असतील तर पीएफ. खात्यात भरणा होतोय का ते पासबुकात पाहा. कमी दिलेल्या वेतनाचा दावा नव्या वेतन संहितेत तीन वर्षांपर्यंत करता येतो. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत लिहून द्या आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

प्रश्न : आमच्या दवाखान्यात 40 नर्स आहोत. सोमवारी सगळ्यांनी एकदम रजा टाकायची ठरतंय. तो संप धरला जाईल का?
– एक नर्स, निपाणी

उत्तर : धरला जाऊ शकतो. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून घेतलेली किरकोळ रजा हा संपच आहे. हे निम्मे फक्त नर्समधले नव्हेत, दवाखान्यातल्या सगळ्या कामगारांमधले मोजायचे. नोटिशीशिवाय गेलात तर संप बेकायदा ठरतो, दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. कामावर ठेवताना तशी अट घातलेली असेल तर आठ दिवसांपर्यंतचा पगारही कापला जाऊ शकतो.

आधी मागणीपत्र द्या. मग नोटीस, आणि नोटिशीनंतर पूर्ण 14 दिवस थांबायचं. संपाची तारीख नोटिशीत लिहा. नोटीस 60 दिवसांपर्यंतच चालते. एक प्रत समेट अधिकाऱ्याला, म्हणजे दोन्ही बाजूंची बोलणी घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला. त्यांनी बैठक लावली की बोलणी संपून सात दिवस होईपर्यंत संपावर जाता येत नाही. बहुतेक संप फसतात ते इथे: चर्चा चालू असताना चिडून काम बंद होतं आणि व्यवस्थापनाला आयतं निमित्त सापडतं. इनचार्ज सिस्टरना नोटिशीवर सही करण्याआधी सावध करा. देखरेखीचं काम आणि 18,000 च्या वर पगार असेल तर त्या कायद्याने ‘कामगार’ ठरत नाहीत. दवाखाना धर्मादाय संस्थेचा असेल तर ही संहिता लागू होते का, इथूनच वाद सुरू होतो. नोटिशीआधी कामगार कायद्याच्या वकिलाला ट्रस्टची कागदपत्रं दाखवा.

प्रश्न : संपात वडील आयसीयूत असतील तर आम्ही काय करायचं?
– चिकोडीचे एक वाचक

उत्तर : तुमची काळजी बरोबर आहे. नोटिशीचे 14 दिवस दवाखान्याला तयारीसाठीच मिळतात, तेव्हा जाब व्यवस्थापनाला विचारा. आयसीयू, प्रसूती कक्ष, अपघात विभाग आणि डायलिसिसला कोणत्या पाळीत कोण राहणार, ही यादी संघटनेने नोटिशीलाच जोडावी असं आमचं ठाम मत आहे. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक नर्स, त्याखाली जाऊ नये. तुम्ही औषधांच्या तक्त्याचा फोटो घ्या, शेवटचा डोस कधी दिला ते विचारून लिहून ठेवा. रुग्ण हलवावा लागला तर डॉक्टरांची लेखी चिठ्ठी आणि ऑक्सिजनची सोय असलेली गाडी मागा.